शिट्टीची कवळी

रंगनाथने बारीक कानस कवळीच्या आतल्या बाजूला, पुढच्या दोन दातांमागे टेकवली आणि केसभर घासलं. भुकटी फुंकली. मग दारातल्या सुटाबुटातल्या माणसाकडे न बघता अजून केसभर.

"झालंच," तो म्हणाला.

शनिवार पेठेतल्या या खोलीतून रंगनाथने अर्ध्या पुण्याच्या तोंडात दात बसवले होते. त्याची कवळी घालून एका आजोबांनी मांडवातला अख्खा ऊस सोलला, आणि मग मांडवाचे बांबूही चाखून पाहिले, असं पेठेत सांगतात. पण हातातला हा जबडा पुण्यातला नव्हता. सुटाबुटातला दुबईमार्गे ठसा घेऊन आला होता आणि कोणाचा ते सांगत नव्हता. सांगायची गरजही नव्हती. असा घोड्याएवढा रुंद जबडा जगात एकच, आणि तो रोज बातम्यांत दिसे.

खणातल्या डबीत दुसरी कवळी केव्हाची तयार पडून होती, खातूनबाईंची. त्यांचा मुलगा फैज त्या जबड्याच्याच देशातला. पुण्यात दातांचा डॉक्टर झाला, कर्वेनगरात राहून मराठी आणि तिरकसपणा दोन्ही शिकला आणि घरी परतला. पुढे तिथल्या राज्यकर्त्याला खाली खेचायचं म्हणून मोठ्या देशांनी व्यापारबंदी घातली, आणि फैजच्या दवाखान्यात दातच येईनासे झाले. त्याने आईचा ठसा एका विद्यार्थ्याच्या हाती पुण्याला पाठवला. रंगनाथने केलेली कवळी मात्र कुरिअरने दोनदा परत आणून दिली. खातूनबाई पेजेवर होत्या. त्या किती वाळल्या, हे फैज हल्ली फोनवर सांगत नसे.

शेजारचे बापूराव रोज पेपर घेऊन बाकावर बसत आणि दिवाळीपर्यंत ते सरकार आडवं होणार, अशी ग्वाही देत.

"आडवं कोण झालंय ते खातूनबाईंना विचारा," रंगनाथची बायको सत्यशीला म्हणे.

त्या सकाळी रंगनाथने सुटाबुटातल्याला विचारलं होतं, एवढी डबी बरोबर न्याल का. तो मान हलवून म्हणाला, "साहेबांच्या दातांबरोबर दुसऱ्याचे सापडले, तर माझे राहणार नाहीत."

रंगनाथने कानस उचलली. बंदीला जमलं नाही ते कदाचित लोकांच्या हसण्याला जमेल.

महिन्याभराने राज्यकर्त्याचं मोठं भाषण झालं. तिघांनी ते सत्यशीलाच्या फोनवर पाहिलं. त्या भाषेत 'स' फार, आणि प्रत्येक 'स'ला खणखणीत शिट्टी वाजत होती. दुसऱ्या शिट्टीला मैदानातली कबुतरं उडाली. पाचवीला पहाऱ्यावरचा कुत्रा साखळी तोडून व्यासपीठावर चढला आणि शेपूट हलवत साहेबांसमोर बसला. रंगनाथ पोट धरून हसला.

मैदानात कोणी हसलं नाही. आभार मानायला पंतप्रधान उठले. तेही शिट्टी वाजवत बोलले. मग सेनापती. मग बातम्या देणारी मुलगी.

रंगनाथचं हसू थांबलं. बापूरावांनी पेपरची घडी घातली.

"दिवाळीपर्यंत..."

"कोणत्या?" सत्यशीलाने विचारलं.

थंडीत फैजचा फोन आला. आवाज दबका होता.

"काका, आईची कवळी तुमच्याकडेच आहे ना? आली नाही ते बरंच झालं."

"का रे?"

"इथे आता सगळे तसंच बोलतात, शाळेतली पोरंसुद्धा. आमच्या गल्लीतले मास्तर सरळ बोलत राहिले, त्यांना घेऊन गेले. आईला दात नाहीत म्हणून तिला कोणी काही विचारत नाही." तो थांबला. "पुढेमागे पाठवता आलीच, तर तिच्यातही तेवढं करून द्याल?"

"ती जेवते का?"

फोनवर फैज शिट्टी वाजवत काहीतरी बोलला. त्याच्याजवळ कोणीतरी आलं असावं. फोन बंद झाला.

रंगनाथने खण उघडला. सत्यशीलाने चहा ठेवत कोणाचा फोन होता ते विचारलं.

"गिऱ्हाइकाचा," तो म्हणाला, आणि कानस शोधू लागला.