हातानं चालणारी घडी

बापाच्या अंगावरून वारं गेलं, डावा हात खाटेवर निर्जीव पडला, तरी चंद्रकुमारचा जुन्या मनगटी घड्यांचा नाद काही सुटला नाही, याचा रुखमिणीबाईला भारी संताप होता. लाखनीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलेला बाप्या माणूस. पण आंधळगावला कोणी म्हातारा शेवटच्या घटका मोजतोय असं कानावर आलं, की हा निघाला गाडीवर. जुनी, स्टीलची, हातावर बांधायची घडी घरात पडून आहे का, एवढीच चौकशी. घासून चकचकीत केलेली याला चालत नाही. ओरखडे पाहिजेत, पिवळी पडलेली तबकडी पाहिजे. आणलेल्या घड्या ठेवायला त्याने आईचा मसाल्याचा डबा पळवला होता. हळद-तिखटाच्या वाट्यांत आता घड्या झोपलेल्या.

"मौतीले गेला का हा मेलेल्याचं तोंड पाहत नाई, मनगट पाहते," ती सुनेला ऐकवायची. "आता बापाच्या मनगटावर डोळा हाय त्याचा."

शुभांगी खाली मान घालून तांदूळ निवडत राहायची. सासूच्या तोंडाला लागून कोणाचं भलं झालं होतं?

तिच्या नवऱ्याची, आनंदरावांची घडी ते एसटी चालवायचे तेव्हापासूनची. चंद्रकुमारनेच एकदा कौतुकाने सांगितलं होतं, "माय, हिले चावी द्यावं लागत नाई. आतमंधी चकती हाय. हात हालला का चकती फिरते अन् घडी चालते. हात थांबला, का एक-दोन दिसात घडी बंद."

ते बोलणं तिने पदरात बांधून ठेवलं होतं. वारं गेल्यावर घडी बंद पडली आणि रुखमिणीबाईला निशाणी मिळाली. डॉक्टरांचं डॉक्टर जाणोत. हातात जीव आला की घडी चालेल. हात चोळायला बसताना ती पट्टा स्वतः सोडायची, चोळून झालं की स्वतः बांधायची. आपल्या हलवण्याने घडी चालली तर आपलीच फसगत. रोज गोठ्यातून आली, की पहिलं काम म्हणजे नवऱ्याच्या मनगटाला कान लावणं.

घडी मुकी होती. नवराही मुका होता. वाऱ्याने जीभही नेली होती. नुसते डोळे तिच्यामागे फिरायचे.

"हे घडी चालत नाई तोवर भाताचं शीत तोंडात घालनार नाई," तिने खाटेपुढे उभं राहून सांगितलं. धानाच्या मुलखात भात सोडणं म्हणजे जेवणच सोडणं. चहा आणि चार शेंगदाणे यांवर ती राहू लागली. लुगड्याच्या निऱ्या वाढत गेल्या. एकदा गोठ्यात चक्कर येऊन पडली, उठली, आणि तूच ढकललं म्हणून गाईलाच शिव्या घातल्या.

मग एके दिवशी घडी बोलली. तिने कान लावला, काढला, पुन्हा लावला.

"शुभांगी! अवं पोरी, भात टाक!"

त्या दिवशी ती जेवली आणि जेवताना रडली. चंद्रकुमार दारात उभा राहून पाहत होता. त्याचा चेहरा उतरलेला. रुखमिणीबाईला वाटलं, घडी हातची गेली म्हणून.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की नागपूरच्या दवाखान्यात व्यायाम करवून घेतात, तिथे ठेवा. पहिले महिनेच कामाचे, मग हात आखडला तो आखडला. तिथे जागा मिळाली, गाडी दारात आली. रुखमिणीबाईने ती परत पाठवली. "घरीच हात चालून राहिला, त परक्याच्या दारात कायले नेऊन टाकू?"

घडी रोज चालत होती. बोटं मात्र आत वळत चालली. ती एकेक बोट उघडायची, सोडलं की ते पुन्हा मिटायचं. "माह्यापुढं लाजते," ती स्वतःला सांगायची. "मी गोठ्यात गेली का हालवत असन."

नागपूरला पुन्हा जागा झाली. गाडी पुन्हा आली. रुखमिणीबाई उंबऱ्यावर आडवी बसली.

"माय, ऊठ. हे जागा गेली त मंग मिळनार नाई."

"हाताची साक्ष घडी देऊन राहिली. तुले काहून घाई? वाटेत पट्टा सोडासाठी?"

चंद्रकुमार तिच्यासमोर खालीच बसला. "घडी मी चालवतो, माय. तू गोठ्यात गेली का काढतो, हालवतो, परत बांधतो."

"खोटा!"

"तू मरून राहिली होती उपाशी. मले वाटलं, एक दिवस चालवू, तू जेवशीन, मंग सांगू. तू गाडीच वापस केली. मंग माही जीभच उचलेना."

"लबाड हायेस तू. मेलेल्याच्या घरून घड्या आनतेस. तुह्यावर कोन इस्वास ठेवन?"

ती उठून खाटेशी गेली. "अवो, सांगा याले. तुमीच हालवता ना हात? डोये मिटा. हो म्हनासाठी फकत डोये मिटा."

आनंदरावांचे डोळे उघडेच राहिले. पाणी कानाकडे ओघळलं. मग त्यांनी उजवा, चांगला हात उचलला आणि बोट मुलाकडे केलं.

"तुमाले मालूम होतं?"

डोळे मिटले.

रुखमिणीबाईने खाटेची कड धरली. बोटं आवळलेला तो डावा हात तिने पोटाशी घेतला, फुंकर घातली, जसं भाजलेल्याला घालतात. गाडीवाल्याने बाहेरून भोंगा वाजवला तेव्हा ती भानावर आली.

"त्याले थांबव," ती सुनेला म्हणाली. "कपडे बांध."

मग ती मुलाकडे वळली. तो अजून जमिनीवरच होता, मान खाली घालून.

"वर पाह्य. चोर असता त नुसती घडी नेली असती. तू माह्या मानसाचे दिवस नेले, अन् माही दया करून नेले. त्याची माफी नाई. आता दुकानाले कुलूप लाव अन् बस त्याच्याजवळ गाडीत. हा हात तुह्या हातात राहीन, नागपूरले बी अन् घरी बी. जोवर हा सोताहून उठून तुह्या कानाखाली वाजत नाई, तोवर सोडाचा नाई. समजलं? ऊठ."