काचेवरची रेघ

मासळी गोठवायच्या खोलीच्या दारावर एक छोटी काच होती आणि तिच्यात लाल आकडा उजळायचा. रोज सकाळी थोरल्या बाई चष्मा लावून तो आकडा वहीत उतरवत. धंद्यात दोन शिकलेल्या सुना होत्या, पण वहीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. "चौथीपर्यंत शिकलेय मी. आकडे काही मला खात नाहीत," असं त्या ऐकवत.

त्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी वही उघडली आणि त्यांच्या भुवया वर चढल्या. अठरा, अठरा, सतरा, अठरा.

"बाई, अठरा अंशांत मासळी ठेवता? मग ही खोली मला बंदच करावी लागेल."

"आत जाऊन बघा. एकेक मासा असा कडक आहे, कोणाच्या डोक्यात घातला तर टाके पडतील."

साहेब आत गेले ते कान लाल करून बाहेर आले. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "हे उणे अठरा आहे. आकड्याआधीची रेघ वहीत का नाही?"

"ती होय? मला वाटलं, काचेला चरा पडलाय."

मोठी सून भिंतीकडे बघत राहिली. साहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. "जिथे रेघ होती तिथे घाला आणि सही करा. मात्र मागच्या गुरुवारी चार लिहिलंय. उणे चार असेल तर माल गोठलेलाच राहिला, नुसती ताकीद देईन. साधे चार असतील तर तो विरघळून परत गोठला. मग त्या दिवशी आत होता तेवढा सगळा फेकायचा." एवढं बोलून ते फोन करायला गाडीकडे गेले.

गुरुवारचे साठ ट्रे अजून आतच होते. उद्या ते खाणावळींना जायचे होते.

थोरल्या बाईंनी नातीला हाक मारली. "शून्याखाली काय असतं गं? रिकाम्या टोपलीतून कोणी मासा काढतं का?"

"टोपलीतले मासे शून्यापासूनच मोजतात, आजी. शून्य, एक, दोन. त्या पूर्ण संख्या. पण पाणी गोठतं तिथे शून्य धरलं, तरी थंडी तिथे थांबत नाही ना? ती खाली जाते. उणे एक, उणे दोन. खालचे हे आणि वरचे ते मिळून पूर्णांक."

"म्हणजे ती संख्या स्वतःला पूर्ण म्हणवते, आणि अर्धा रस्ता तिच्या गावीच नाही." बाईंनी वहीतल्या गुरुवारवर बोट ठेवलं. "आणि चार अठरापेक्षा कमीच ना?"

"वरच्या बाजूला कमी. खाली उलटं. तिथे आकडा जितका फुगतो तितकी किंमत उतरते."

"काही माणसांसारखं," बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज खाली आला होता. गुरुवारी चार दिसले तेव्हा त्या खूश झाल्या होत्या. आकडा उतरला म्हणजे थंडी वाढली, असा त्यांचा हिशोब.

त्या रेघा ओढू लागल्या. गुरुवारपाशी पेन थांबलं.

"ओढा ना," मोठी सून हळूच म्हणाली. "वीज गेली होती हे कोणाला माहीत आहे?"

"त्या दिवशी चरा नव्हता काचेवर. मीच तुला म्हटलं होतं, काच छान पुसलीस म्हणून."

"हो."

"पुसली होतीस?"

"नाही."

"मग गप्प का बसलीस?"

"बारा वर्षांत पहिल्यांदा चांगलं बोललात. म्हटलं, राहू दे."

 थोरल्या बाईंनी गुरुवारचा चार तसाच उघडा ठेवून पुढच्या आकड्याआधी रेघ ओढली. शेवटी सही केली, वही मिटली आणि सुनेच्या हातात दिली.

"उद्यापासून तू लिहायचं. आता चल, साठ ट्रे आहेत. माझ्याच्याने एकटीने उचलवायचे नाहीत."