सासिमाची नेमणूक

अमेरिकेतल्या बॉथेलच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत उपासनेनंतर संतांच्या गोष्टी सांगायचं काम दीपाचं. चर्चचा हॉल भाड्याचा, पण ती दहा-पंधरा मिनिटं तिच्या हक्काची. त्या रविवारी तिनं चौथ्या शतकातला संत ग्रेगरी घेतला होता. तो आणि बेसिल अथेन्समध्ये एकत्र शिकलेले जिवाभावाचे मित्र. पुढे बेसिल मोठा बिशप झाला, शेजारच्या बिशपशी हद्दीवरून त्याची जुंपली. तिकडे आपलं माणूस हवं म्हणून त्यानं कविमनाच्या ग्रेगरीला, मनात नसताना, सासिमा नावाच्या धुळकट नाक्यावर बिशप नेमून टाकलं.

"शत्रूनं नाही, मित्रानं दुखावलं त्याला," असं म्हणून दीपा खाली बसली.

मग सूचना द्यायला मीनाक्षी उठली. मंडळीची अध्यक्ष, आणि नगरच्या हॉस्टेलपासूनची दीपाची जिवलग.

"गुड न्यूज! यकिमाला आपण नवी मंडळी स्टार्ट करतोय, त्या दुसऱ्या मंडळीवाल्या संजयच्या ग्रुपनं तिथल्या फॅमिलीज ओढायच्या आत. आणि दर रविवारी तिथे लीड करणार आपली दीपा!"

टाळ्या पडल्या. यकिमा म्हणजे घाटापलीकडे. त्याच घाटात मागच्या हिवाळ्यात बर्फावर दीपाची गाडी गरकन फिरली होती. तेव्हापासून घाटाचं नाव काढलं तरी तिला घाम फुटे. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ठाऊक होतं ते एकट्या मीनाक्षीला, कारण शेजारच्या सीटवर तीच होती.

चहाच्या टेबलापाशी दीपानं तिला गाठलं. "मला विचारलं का नाहीस?"

"अगं, विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस." मीनाक्षी चक्क हसली. "म्हणून तर नाही विचारलं. आणि तुझा ग्रेगरी गेलाच ना शेवटी?"

"नाही गेला. डोंगरात पळून गेला."

"ड्रामा नको यार. बरं, माझ्या पन्नाशीला स्पीच तूच देणार आहेस हं."

दीपाला रडू येत होतं, पण हिच्यासमोर रडायचं नव्हतं. इतक्या वर्षांची मैत्री, आणि हिनं आपली भीती नेमकी जिथे होती तिथेच आपल्याला उभं केलं!

"देईन," ती म्हणाली. "बेसिल वारल्यावर त्याच्यावर ग्रेगरीच बोलला होता. तोंडभरून बोलला. पण सासिमाचं दुखणंही त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं."

मीनाक्षीचं हसू मावळलं. "चल, घरी सोडते."

सकाळी दोघी मीनाक्षीच्याच गाडीतून आल्या होत्या. दीपानं कप खाली ठेवला आणि दाराकडे निघालेल्या गिरिजाला हाक मारली, "गिरिजा, मला ड्रॉप करशील का गं?"