गव्हाच्या वाइनच्या दोन बरण्या

पहिली पाळी सुटली की सिद्धप्पा गिरणीतून थेट दारूच्या गुत्त्यावर जायचा, आणि दिवस मावळला की मल्लव्वा त्याला आणायला जायची. भांडण कधी व्हायचं नाही. दिवसभर हातमागवाल्याकडे सुताच्या कांड्या भरून तिचे खांदे उतरलेले असायचे. भांडायलाही जोर लागतो. तोही तिच्या आधाराने मुकाट चालायचा.

शेजारच्या गिरिजाबाई मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. नाताळला त्यांच्याकडे गव्हाची वाइन व्हायची. तशी आपण केली तर नवरा घरीच पिईल, असं मल्लव्वाच्या मनात आलं. गिरिजाबाईंनी आधी पोलिसांचं भय घातलं, मग एका रविवारी स्वतःच येऊन दाखवून गेल्या. धुतलेले गहू, काळ्या मनुका, लिंबू, साखरेऐवजी गूळ, उकळून गार केलेलं पाणी आणि बेकरीतून मागून आणलेलं चिमूटभर यीस्ट. बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं, रोज लाकडी पळीने हलवायचं, फसफसणं थांबलं की गाळायचं.

सिद्धप्पाने पहिला पेला संपवला, गोड आहे म्हणाला आणि जेवून झोपला. त्या संध्याकाळी मल्लव्वा घराबाहेर पडली नाही. कितीतरी दिवसांनी तिने भाकरी गरम खाल्ली.

पण मग बरणी रिकामी ठेवता येईना. एकीच्या दोन झाल्या. कामावरून येऊन ती गहू निवडायची, पाणी उकळायची, गाळलेला चोथा पार नाल्यापर्यंत नेऊन टाकायची, कारण वासाने गल्लीत कुजबुज होत होती. सिद्धप्पा वाईट माणूस नव्हता. तो फक्त चपला काढता काढता विचारायचा, झाली का.

उन्हाळ्यात ती तापाने पडली. बरण्या रिकाम्या राहिल्या आणि सिद्धप्पा पुन्हा गुत्त्यावर गेला. अंगात कणकण असताना ती भिंती धरत त्याला आणायला गेली. परतताना तिला चालवेना. एका दुकानाच्या पायरीवर ती बसली.

"घरात मी गुत्ताच चालवत हुते की," ती म्हणाली. "आता माज्यानं व्हत न्हाय. बरणी तुमी बगा, न्हायतर गुत्त्यावरच जात जावा. मी आणायला येनार न्हाय."

त्याने तिला उठवलं आणि हात धरून घरी आणलं.

सुटीच्या दिवशी त्याने गिरिजाबाईंना विचारून बरणी घातली. ती व्हायची तोवर तो गुत्त्यावर गेलाच. मल्लव्वा दाराकडे कान लावून पडून राहायची, पण उठायची नाही. तो ठेचकाळत का होईना, आपला आपण घरी यायचा. एवढं करून त्याची वाइन आंबून गेली, कारण हलवायचं तो विसरत होता. त्याने एक घोट घेऊन सगळी मोरीत ओतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गहू आणले.

"ह्येला लई खटपट हाय गं," तो म्हणाला.

"व्हय," मल्लव्वा म्हणाली.

तो सूप घेऊन उंबऱ्यात बसला. पाखडताना अर्धे गहू बाहेर सांडत होते. उठून त्याच्या हातातून सूप घ्यावं, असं तिला वाटलं. बाहेर अजून ऊन होतं. तिने कूस बदलली आणि डोळे मिटून घेतले.