ओढा कुठे तापला

चूक तिची होती, आणि ती आधी तिच्या तळपायाला कळली.

ती ओढ्यांचं तापमान मोजायची. एवढं शिकून, एवढी डोकेफोड करून आमची पोरगी करते काय, तर पाण्याला ताप आलाय का ते बघते, असं तिचा दादा चारचौघांत हसत सांगायचा, आणि सांगताना त्याचीच छाती फुगायची. आठवडा झाला, ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या टाक्यांमधले मासे मेले होते. गार पाण्यात वाढणारे ठिपकेदार मासे ते, पाणी जरा कोमट झालं की तोंड वर काढून धापा टाकणारे. ओढ्याच्या पाण्यावर पाच घरांच्या टाक्या चालायच्या, आणि पाचही घरांचे मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. सगळ्यात मोठी टाकी दादाची. त्या दिवसापासून त्याने डोक्यात राख घालून घेतली होती.

टाक्यांच्या वर, ओढ्याच्या काठाला, कपडे धुण्याचा कारखाना होता. इस्पितळांच्या नि हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या. बॉयलरचं कढत पाणी आधी अंगणातल्या एका हौदात पडायचं आणि तिथून पाइपाने ओढ्यात. सगळ्यांचा संशय होताच. फक्त संशयाला एक शिकलेलं तोंड हवं होतं.

ते तिने दिलं. आदल्या दिवशी तिने ओढ्यात ठेवलेले आपले दोन सेन्सर वाचले. कारखान्याच्या खालचा दाखवत होता पंचवीस अंश. वरचा, पंधरा. जेवताना दादाने विचारलं, "मग? कोणी मारले आमचे मासे?"

"कारखान्याच्या वर पाणी गार आहे आणि खाली तापलंय," ती म्हणाली. "मधे दुसरं आहेच काय?"

पडताळा घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे ती हाताखालच्या नवशिक्यांना कान पिळून पिळून शिकवायची. पण शहाण्या माणसांची हीच तर खोड, नियम सगळे दुसऱ्यांसाठी. शिवाय समोर दादा बसला होता, आठवडाभर धड न जेवलेला, आणि त्याच्या पदरात काहीतरी टाकावं असं तिला मनापासून वाटलं. दादाने ताट बाजूला सारलं आणि फोन घेऊन बाहेर गेला.

आज ऐन दुपारी ती वरचा सेन्सर जरा खोल सरकवायला म्हणून ओढ्यात उतरली. उन्हाने डोकं भणभणत होतं. गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरली तर तळपायाला हुडहुडी भरेल असा गारवा, आणि गुडघ्याला मात्र कोमट. ती तशीच उभी राहिली. मग एक पाऊल बाजूला टाकलं. तळपायालाही कोमट. पुन्हा मागे, पुन्हा गार.

खाली वाळूतून झरा फुटत होता. जमिनीच्या पोटातलं गार पाणी, हाताच्या ओंजळीएवढ्या जागेतून वर येणारं. आणि तिने सेन्सर नेमका त्याच ओंजळीत बांधला होता. तो ओढ्याचं तापमान सांगतच नव्हता, झऱ्याचं सांगत होता. ओढ्याचं पाणी रोज दुपारी तापतं, रात्री निवतं. ह्या सेन्सरची रेघ महिनाभर जवळजवळ सपाट होती, आणि तिने ती बघून, वा, झाडाची सावली किती छान आहे, असं म्हटलं होतं! तिला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. दोरीला बांधलेला थर्मामीटर तिने ओढ्याच्या मधोमध सोडला. चोवीसच्या वर.

म्हणजे पाणी कारखान्यापर्यंत पोहोचायच्या आधीच तापलेलं होतं. कारखान्याचं पाणी कढत खरं, पण ते बादलीभर, आणि ओढा हौदभर. आणि वर होतं काय? वर दादाची तळी होती. मागच्या वर्षी त्याने ओढा अडवून दोन पसरट, उथळ तळी केली होती. काठावरची सगळी झाडं पाडली होती, हौशी लोकांना होड्या फिरवायला आणि गाड्या लावायला जागा व्हावी म्हणून. दिवसभर उन्हात पडलेलं ते पाणी खाली वाहत होतं. पहिल्या होडीत दादाने कौतुकाने हिलाच बसवलं होतं, आणि हीही हात हलवत बसली होती. पाणी मोजणाऱ्या बाईला त्या दिवशी पाणी दिसलं नाही.

तिने दादाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. आणि तेवढ्यात कारखान्याच्या बाजूने एक किंकाळी आली, माणसाची आहे की जनावराची हे कळू नये अशी. ओल्या पायांत बूट अडकवून, थर्मामीटर हातात तसाच घेऊन ती धावत सुटली.

कारखान्याचं फाटक कोणीतरी ट्रक घालून आडवं केलं होतं. अंगणात काचांचा खच. मालक कधीच पसार झाला होता. आतल्या बायकांनी लोखंडी दार लावून घेतलं होतं आणि जाळीच्या खिडकीतून त्या रडत, ओरडत होत्या. पोलिसांना फोन गेला होता, पण पोलीस यायला अजून बराच अवकाश होता. बाहेर पाचही घरांच्या हातात सापडला तो एकटा बॉयलरवाला. पन्नाशीचा, टकल्या, साधा माणूस. कारखान्याचीच एक ओली चादर पिळून तिचा दोर केला होता आणि त्या दोराने त्याला हौदाच्या कठड्याशी कमरेला बांधलं होतं. उजवा हात तेवढा मोकळा होता, आणि तो दादाच्या हातात होता.

तो हात कोपरापर्यंत लालभडक झाला होता. बोटांवरची कातडी सुटून लोंबत होती.

"दादा!" ती ओरडली. "सोड त्याला!"

"ये, छोटे, ये," दादा म्हणाला. त्याचे डोळे तांबारले होते. "आमच्या माशांना कसं वाटलं, ते ह्याला समजावून सांगतोय."

"मी फक्त बॉयलर बघतो हो," बॉयलरवाला रडत म्हणाला. "ताई, सांगा ना ह्यांना."

"चुकलं माझं," ती धापा टाकत म्हणाली. "सेन्सर चुकीच्या जागी होता. झऱ्यावर. कारखान्याने पाणी तापवलेलं नाही. ऐका माझं, ओढा वरूनच तापून येतोय!"

टाकीवाल्यांपैकी एक, जिवंत मासे ट्रकने पोहोचवणारा, हातातली पहार जमिनीवर आपटत म्हणाला, "काल एक, आज एक! मालकाने हिचंही तोंड बंद केलेलं दिसतंय."

ती काही बोलणार तोच वहिनीने तिचे केस धरले आणि कानाखाली अशी वाजवली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वहिनी तिला मुलीसारखं वागवायची. तिची वेणी घालणारा हात होता तो. "घर बुडालं आमचं," वहिनी किंचाळली, "आणि तू भाषणं झाडतेस?"

"बरं, कारखाना नाही," दादा म्हणाला. "मग कोण? बोल ना."

तिचा खालचा ओठ फुटून रक्त येत होतं, ते तिने गिळलं. समोर पहार, दांडे, गळाचे आकडे घेतलेली पाच घरं उभी होती, आणि ती पाचही घरं माणसाच्या हाताची काय गत करतात ते तिला दिसतच होतं. पोलीस येईपर्यंत गप्प राहावं. मग सांगावं, सावकाश, कचेरीत, खुर्चीवर बसून. असा विचार तिच्या मनात आला, आणि आला हे लपवण्यात अर्थ नाही.

दादाने तिच्याकडे पाहतच बॉयलरवाल्याचा हात पुन्हा हौदात दाबला.

ह्या वेळी किंकाळी आली नाही. त्याचं तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. वाफेत त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि मान कलली.

"तुझी तळी!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "दादा, तुझी तळी! तू झाडं पाडलीस, तिथे तापतंय पाणी. तुझ्यामुळे मेले मासे, सगळ्यांचे!"

दादाच्या हातातून तो हात सुटला. क्षणभर तो हसला, चेष्टा कळली नाही की माणूस हसतो तसा. "वेडी आहेस का? अगं, माझेही मेले."

खरं होतं ते. त्याचे सगळ्यांपेक्षा जास्त मेले होते. तो कोणाला फसवत नव्हता, त्याला ठाऊकच नव्हतं, आणि हे त्या अंगणात एकट्या तिला कळत होतं.

ट्रकवाल्याने तिच्या हातातला थर्मामीटर हिसकावून घेतला आणि तो पाइपाच्या वर ओढ्यात उतरला. "काठाला नको," ती नकळत म्हणाली, "मधोमध धर." म्हणाली आणि तिला स्वतःची किळस आली. तिचा दादा पणाला लागला होता आणि ही मोजायची पद्धत शिकवत होती. ट्रकवाला वर मोजून आला, मग पाइपाच्या खाली जाऊन मोजलं. हौदाची वाफ फसफसत होती.

"सारखंच आहे," तो परत येऊन म्हणाला. "वरचं आणि खालचं. जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक."

पाच घरांत सर्वांत लहान टाकी एका विधवा बाईची होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. ती दादाच्या जवळ गेली, त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आणि मला इथवर ओढत आणलंस तू. ह्या माणसाला धरायला लावलंस मला." मग तिने हातातल्या जाळ्याचा दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला.

नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दादा गुडघ्यांवर आला. त्याने अडवायला हात वर केला, तर त्यावर ट्रकवाल्याची पहार बसली आणि हात कोपराच्या खाली भलतीकडेच वाकला. मग सगळेच तुटून पडले. आतापर्यंत एका निरपराध माणसाला भाजत उभे होते ना, ती लाज कुठेतरी उतरवायला हवी होती, आणि दादा आयता सापडला. वहिनी त्याच्या अंगावर आडवी पडली, तर तिला पाय धरून फरफटत बाजूला काढलं.

बहीण ह्याला मागे ओढत होती, त्याला ओढत होती. कोणाचं तरी कोपर तिच्या बरगडीत बसलं आणि ती हौदाच्या कठड्यावर आदळली. तिथे बॉयलरवाला शुद्धीवर येऊन कण्हत होता. एवढा एक तरी जीव वाचवू, असं म्हणून तिने दातांनी चादरीची गाठ सोडवली. "पळा," ती म्हणाली. "दाराशी जा, त्या उघडतील."

तो उठला. दाराकडे मात्र गेला नाही.

भाजलेला हात अंगापासून लांब धरून तो गर्दीत शिरला आणि गर्दीने त्याला वाट दिली. सगळे मागे सरले, आता पुढचं ह्याचंच, असं कोणी न बोलता ठरल्यासारखे. त्याने डाव्या हाताने दादाची मान पकडली. वर्षानुवर्षं बॉयलरच्या झडपा फिरवणारा हात होता तो. दादाला त्याने पोत्यासारखा ओढत हौदाशी आणला आणि त्याचं तोंड कठड्यावरून खाली वाफेत दाबलं. दादाचे पाय फरशीवर घासत होते. "छोटे," तो वाफेतून म्हणाला. आणखी काही म्हणाला असेल, पण ते कळलं नाही.

ती बॉयलरवाल्याच्या मनगटाला लोंबकळली. तो हात पाइपासारखा घट्ट होता, हलेना. तिने त्याच्या दंडाचा चावा घेतला. त्याला कळलंसुद्धा नाही. दादाचं कपाळ पाण्यापासून वीतभर उरलं होतं.

मग तिने त्याचा दुसरा हात धरला. भाजलेला. कुठे दुखेल हे तिला पक्कं ठाऊक होतं, तो हात त्या पाण्यात जाताना तिने डोळ्यांनी पाहिला होता. तिने दोन्ही मुठींनी तो आवळला आणि अंगात होतं नव्हतं ते बळ लावून पिळला. कातडी मोज्यासारखी तिच्या मुठीत सरकली.

बॉयलरवाला कोसळला. दादाची मान सुटली, तो कठड्यावरून घसरून फरशीवर पडला आणि रक्ताच्या गुळण्या टाकत श्वास घेऊ लागला. वहिनी सरपटत त्याच्याकडे गेली. बाकीचे जिथल्या तिथे उभे राहिले. कोणाच्या हातातला दांडा खाली पडला, कोणी तोंड फिरवलं.

बॉयलरवाला तिच्या पायांशी गुडघ्यांवर होता. तो ओरडत नव्हता. तोंड वर करून तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"ताई," तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, माझी काही चूक नाही?"

"नाही," ती रडत म्हणाली. "तुमची काहीच चूक नाही."

पण दादा अजून त्याच्या हाताच्या अंतरावर होता, आणि तिने पकड सैल केली नाही.