जंजिऱ्याखालचा प्रश्न

"सैन्य उतरवायची गरजच काय? बाहेर युद्धनौका, वर विमानं. बेट महिनाभरात शरण येतं की नाही बघ," गॉगलवाला पाहुणा म्हणाला.

"लोक असे वाकत नसतात, भावोजी. उलट चिवट होतात," त्याच्या मेहुण्याने मान हलवली.

शिडाच्या होडीत बसून दूरच्या लढाईवर दोघांची जुंपली होती. सुकाणूवरचा हरेश्वर निमूट ऐकत होता. त्या वेढलेल्या बेटाच्या बंदरात एक मालवाहू जहाज अडकलं होतं आणि त्यावर त्याचा विनेश खलाशी होता. बेट शरण गेलं तर पोरगा सुटणार. पण त्यासाठी विमानं बॉम्ब टाकणार ते त्याच बंदरावर. देवाकडे मागावं तरी काय, हेच बापाला कळेनासं झालं होतं.

राजपुरीहून जंजिऱ्याला माणसं नेण्यात त्याची हयात गेली. किल्ल्याचा दरवाजा जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. तिथे शीड उतरवून तो गोष्ट सांगायचा. कोण कोण चालून आलं, किती तोफा धडाडल्या, आणि शेवटी ठसक्यात एक प्रश्न. होडीभर माणसं एका सुरात उत्तर द्यायची, आणि म्हाताऱ्याची छाती फुगायची.

आज गोष्ट सांगायची नाही, असं त्याने सकाळीच ठरवलं होतं. पण शीड उतरलं, बुरूज अंगावर आला आणि सवयीने घात केला. गोष्ट झाली, प्रश्नही तोंडातून गेला.

"मंग जिकला कुनी?"

"कोणीच नाही!" होडी दणाणली.

"पण एवढ्या वेढ्यात आतली माणसं तगली कशी?" मेहुण्याने विचारलं.

"आत गोड्या पान्याचा तलाव हाय," हरेश्वर म्हणाला. "तुमी बोलताव ना, त्या बेटावं माजा पोरगा अडकलाय. जहाजावं. परवा फोन आलता. पानी मापून देतात म्हनला. मंग फोन लागलाच न्हाय."

गॉगलवाल्याने हातातला मोबाइल खिशात टाकला. उतरताना हरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "येईल हो, काका."

"व्हय," हरेश्वर म्हणाला.

पाहुणे किल्ल्यात गेले. ऊन डोक्यावर आलं होतं आणि बोलून बोलून घसा सुकला होता. सून प्राप्तीने भरून दिलेला पाण्याचा कॅन त्याने जवळ ओढला, झाकण काढलं. थोडा वेळ आतल्या पाण्याकडे बघत राहिला आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं.