तपासणीच्या दिवशी तेवढे पूर्ण

मास्तरांचा रिपोर्ट दर महिन्याला चांगला येई आणि मास्तर दर महिन्याला खंगत चालले होते. उभा जन्म शिवणयंत्रावर काढलेला माणूस, पण आता घास पाहिला की उमळून येई, अंगाची खाज थांबत नसे. डॉक्टर म्हणत, "डायलिसिसनंतर युरिया दोन-तृतीयांशाहून जास्त उतरतोय. रक्त नीट धुतलं जातंय." बायकोच्या जिवाला मात्र घोर लागला होता.

एका दुपारी मास्तर स्वेटर घरी विसरले, म्हणून ती मागोमाग दवाखान्यात गेली. मास्तर खालच्या बाकावर, हातावरचा कापूस दाबून बसले होते.

"एवढ्यात मशीनवरून उतरलात?"

"झालं आज लवकर." त्यांनी नजर चुकवली.

ती तडक वर गेली. डायलिसिसच्या सिस्टरने तिला बाजूला घेतलं. मग म्हणाली, "काकू, ते दर खेपेला तासभर आधी उतरतात. डॉक्टरांना सांगू नका म्हणून हात जोडतात. तपासणीच्या दिवशी तेवढे पूर्ण बसतात. माझंही चुकलंच."

"पुढच्या खेपेला ते उतरतील तेव्हाच रक्त घ्या," बायको म्हणाली.

त्या खेपेला ती मास्तरांशेजारी खुर्ची ओढून बसली. सुई लावतानाच सिस्टरने रक्ताची एक छोटी बाटली भरून घेतली. तीन तास झाले तसे मास्तर चुळबुळू लागले.

"सिस्टर, सोडा."

"सोडते. आधी रक्त घेते."

"आज कुठं तपासणी आहे?"

सिस्टरने दुसरी बाटली भरली. मास्तर बायकोकडे बघत राहिले.

युरिया जेमतेम निम्म्यावर आला होता. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, असंच चाललं तर एक दिवस हृदय दगा देईल."

"शेवटच्या तासाला पोटऱ्यांत गोळे येतात," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "चारचौघांत ओरडू का?"

"मला तरी सांगायचंत," बायको म्हणाली.

"तू आधीच धसका घेऊन अर्धी झालीस."

डॉक्टरांनी अंगातलं पाणी सावकाश ओढायचं ठरवलं आणि वेळ अर्ध्या तासाने वाढवली. पुढच्या खेपेला गोळा आलाच. मास्तरांनी टॉवेल दातांत धरला, तरी ओरड तोंडातून निसटली. पलीकडच्या बेडवरचा पेशंट म्हणाला, "काका, बिनधास्त ओरडा. माझी पाळी तुमच्यानंतर."

"अजून किती?" मास्तरांनी विचारलं.

"बराच वेळ आहे," बायको म्हणाली आणि पोटरी चोळत राहिली.

मास्तर उतरले नाहीत. त्या दिवशी युरिया दोन-तृतीयांशाच्या काठावर का होईना, उतरला.